काळ्या वाळूवरची माळ

केकोआचं प्रेत काळ्या वाळूच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा अंगातला सदरा तसाच होता. पोलिसांनी आत्महत्या ठरवून हात झटकले. त्याची मुलगी नोहेआ विमानतळावरून घरी न जाता थेट मोआनीच्या दारात आली.

"मावशी, कित्येक वर्षं मी बाबांशी बोलले नव्हते. आज येते म्हणून कळवलं, आणि आज सकाळीच... माझ्यामुळे का? एवढंच शोधून द्या."

मोआनी बेटावरची जुनी पोलीस; आता खासगी तपास करायची. तिचा जोडीदार टोकुजी मनाने मोठा, डोक्याने सावकाश.

केकोआ पर्यटकांना सर्फिंग शिकवायचा. त्याच्या झोपडीवर खवळलेल्या समुद्राच्या इशाऱ्याचा लाल बावटा फडफडत होता. फळ्या साखळीला बांधलेल्या, कोरड्या. बाकावर मोगऱ्याची माळ होती. दोन्ही टोकांना पक्क्या गाठी, पण टोकं एकमेकांना जोडलेली नव्हती.

"अर्धवटच राहिली बिचाऱ्याची," टोकुजी म्हणाला.

केकोआची बहीण लुआना कॉफी घेऊन आली. नोहेआने कप उचलताच लुआनाने तो काढून घेतला आणि शहाळं पुढे केलं. "हे घे गं."

"लुआना, तुझा दादा सकाळी कसा होता?" मोआनीने विचारलं.

"गुणगुणत होता." लुआनाने डोळे पुसले. "जो मरायला निघालाय, तो गुणगुणतो का?"

पलीकडच्या हॉटेलच्या किनाऱ्यावर बाहेरून आणलेली पांढरी वाळू होती. तिथला जलक्रीडांचा व्यवस्थापक ब्रेंट घाईत होता.

"लाल बावटा होता, बाई. काल संध्याकाळी नवं मेण लावून फळ्या आत ठेवल्या, त्या तशाच आहेत. म्हातारा चक्रम होता, दुसरं काय?"

मोआनीने एका फळीवरून बोट फिरवलं. पाय घसरू नये म्हणून लावलेल्या मेणात काळ्या वाळूचे कण रुतले होते.

"धुवायचा आळस, लेकाचे!" टोकुजी पुटपुटला.

सूर्य कलताना तिने सगळ्यांना झोपडीपाशी बोलावलं.

"ब्रेंट, तुझ्या किनाऱ्यावर काळी वाळू नाही. मेण कालचं, म्हणजे ती फळी आज इथे आली होती. केकोआच्या फळ्या साखळीत होत्या. साखळी सोडायला, सदरा उतरवायला त्याला सवड मिळाली नाही. कुणाला वाचवायला धावला तो?"

ब्रेंटने कबूल केलं. "पाहुणा हट्टाला पेटला होता. मी फळी दिली. म्हाताऱ्याने त्याला फळीवर चढवून किनाऱ्याकडे ढकललं, आणि मागून लाट आली... दुपारच्या विमानाने मी पाहुण्याला पाठवून दिलं."

"आणि मेल्या माणसावर ठपका ठेवलास," मोआनी म्हणाली.

नोहेआने बाकाकडे पाहिलं. "पण माळ? अर्धीच सोडली त्यांनी."

"अर्धवट माळेच्या टोकांना कुणी पक्क्या गाठी मारत नाही, पोरी. ती पुरी झाली होती. टोकं जोडलेली बंद माळ आपल्या बेटावर कुणाच्या गळ्यात घालत नाहीत?"

"पोटुशीच्या," टोकुजी म्हणाला. "बाळाला नाळेचा फास बसतो म्हणून."

"कुणासाठी होती हेच ठाऊक नव्हतं, म्हणून चुकलो आपण. मला कळलं ते लुआनाने तुझ्या हातून काढून घेतलेल्या कॉफीच्या कपावरून."

लुआना रडू लागली. "तू सांगू नको म्हणालीस गं. मला राहवलं नाही. सकाळीच सांगितलं त्याला. ती माळ घेऊन विमानतळावर यायचा होता तो."

नोहेआने माळ उचलून गळ्यात घातली. सवयीने टोकुजी मागून टोकं बांधायला गेला.

तिने त्याचा हात धरला. "राहू दे, काका. बाबांनी मोकळी ठेवलीय."