नत्थूची उरलेली अर्धी भिंत

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, पण १९ मे २००३, सोमवार, दुपारी दोन ते चार या वेळात रायपूरबाहेर अभनपूर रस्त्यावर बांधून होत आलेल्या एका कोल्ड स्टोरेजच्या दाराशी सहा मजूर बायका बसल्या होत्या. सहाही जणींनी एकच सांगितलं.

उरलेलं श्यामकांतनं त्याच्या बायकोला, विजयाला सांगितलं. तेही तीन महिन्यांनी.

श्यामकांत म्हणजे आमच्या नात्यातला उंटावरचा शहाणा. रायपूरच्या बूढापाऱ्यात जन्मला, लडाखमध्ये तीन वर्षं बर्फातल्या इमारतींना आतून थंडी अडवणारा फोम मारायचं काम केलं आणि रायपूरला परतला तो जणू हिमालय स्वतः बांधून. नवी राजधानी झालेली. जिकडेतिकडे बांधकामं. फोमचं काम येणारा गावात हा एकटाच, त्यामुळे जमिनीवर पाय टेकेना. मालक अडाणी, गवंडी गाढव, मजूर कामचोर. शहाणा काय तो हा.

खरं काम मात्र त्याच्या हाताखालचा नत्थू करायचा.

दोन पिंपांतली दोन रसायनं फवाऱ्याच्या गनमधून एकत्र भिंतीवर उडतात, फसफसून फुगतात आणि लाकडासारखी टणक होतात. हा फोम पातळ थरांत मारावा लागतो. एक थर, तो निवला की दुसरा. एकदम जाड मारला तर आतल्या आत तापतो. कधी कधी काही तासांनी आतून पेटतोही.

म्हणून नत्थू प्रत्येक भिंत बोटांच्या सांध्यांनी वाजवून बघायचा. तीन ठोके, एक पाऊल, तीन ठोके. ठक आलं तर ठीक. धब आलं तर तिथं खूण करून तेवढा भाग कापून काढायचा. श्यामकांतला ते बघून हसू यायचं. हा काय तबला वाजवतो का, म्हणायचा.

या कोल्ड स्टोरेजच्या साडेतीन भिंती झाल्या आणि नत्थू लू लागून, उन्हाच्या झळेनं, गेला. गुढियारीच्या वस्तीत, राहत्या खोलीत.

आठव्या दिवशी, म्हणजे त्या सोमवारी, त्याची बायको भीमाबाई बाकीच्या पाच बायकांबरोबर कामावर आली. दोघंही मूळचे गोंदियाकडचे. तिनं एकच मागणं केलं. दहावं होईपर्यंत त्याच्या गनला कोणी हात लावू नये. त्यांच्यात मेलेल्या माणसाचं अवजार तोवर कोणी धरत नाही.

श्यामकांतनं तिला कंपनीचं मशीन आणि मेलेल्या नवऱ्याचा नांगर यातला फरक समजावून सांगितला. सगळ्यांसमोर, हसत हसत. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, साठवणीच्या चिंचेचे ट्रक येणार होते. त्यानं स्वतः गन उचलली आणि अर्धी भिंत एका दमात मारली. चार इंच. अकरा वाजता काम खलास.

मग बाहेर सावलीत खुर्ची टाकून बसला.

दोनच्या सुमाराला...

ठक. ठक. ठक.

खोली रिकामी होती. श्यामकांत उठून आत गेला. आवाज थांबला.

बाहेर आला.

ठक. ठक. ठक. मग एका पावलाएवढी शांतता... पुन्हा ठक, ठक, ठक.

उंदीर असेल, तो म्हणाला. ताज्या फोममध्ये उंदीर! मग त्याला वाटलं, बायका चेष्टा करतायत. त्यानं मोजल्या. सहाच्या सहा समोर बसल्या होत्या, कोणाचा हात हलत नव्हता. भीमाबाई मान खाली घालून ऐकत होती.

साडेतीनला त्यानं बायकांना आत झाडायला जायला सांगितलं. खाली पडलेला भुगा काढायचा होता. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून दार कसं आपोआप लागतं, तेही बघायचं होतं. म्हणजे सहा बायका आत आणि दार बंद.

भीमाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"भिंत पुरी वाजली नाही, साहेब. मी कोणाले आत जाऊ देत नाही."

"काहून? तुझा नवरा बसला आहे का आत?"

"हव," ती म्हणाली.

श्यामकांत खो खो हसला. या बायकांना एकदा दाखवूनच देतो म्हणून एकटाच आत शिरला.

आणि दार लागलं.

त्यानं विजयाला सांगितलं ते असं. दिवा गेला. मिट्ट काळोख. त्यानं हाक मारली, पण फोमनं ती गिळली. स्वतःच्याच कानापर्यंत आवाज पोचेना. दार कुठल्या बाजूला, कळेना. आयुष्यात पहिल्यांदा तो घाबरला.

मग अंधारात ठोके सुरू झाले. अगदी जवळ.

ठक. ठक. ठक.

तो त्या आवाजामागं गेला, दुसरं करणार काय? एक कोपरा. दुसरा. मग समोरून गरम वाफ आली आणि...

धब.

त्यानंतर तो एकदम उन्हात उभा होता.

बायका सांगतात ते वेगळं आहे.

दार लागलंच नाही. दिवाही जळत होता. साहेब सरळ त्या भिंतीशी गेले आणि उजव्या हातानं वाजवायला लागले. तीन ठोके, एक पाऊल, तीन ठोके. घाई नाही. अर्धी भिंत संपेपर्यंत वाजवली. एका जागी थांबले, तिथं नखानं फुली ओढली आणि शांतपणे बाहेर आले.

ते उंबऱ्याबाहेर पडले आणि फुलीतून धूर निघायला लागला. आधी बारीक... मग काळा, घशाला चावणारा. बायकांनी रेती मारली, पाणी मारलं. थंड झाल्यावर भिंत कापली तर आत कोळसा.

दार लागून सहा बायका आत असत्या, तर एकीचा आवाजही बाहेर आला नसता.

श्यामकांत तसाच उभा होता. उजव्या हाताचे सांधे सोलून रक्त गळत होतं. भीमाबाई पुढं आली. त्याच्या तोंडाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तो हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला.

"झालं पुरं," ती हाताला म्हणाली. "आता जा."

तिला आपला हात मागं घेता येईना. त्याच्या बोटांनी तो घट्ट धरला होता.

श्यामकांत विजयाला शपथेवर म्हणाला, "मी नव्हता धरला. मले तर तो हात जाणवतच नव्हता."

भीमाबाईनं ती बोटं एकेक करून सोडवली. पाच बोटं सोडवायला तिला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती रडत होती.