‘शोध’चं चौथं रूप

रक्तपेढीचं काम तसं बिनबोभाट चालतं. त्या दुपारी मात्र दात्यांच्या यादीचा प्रोग्रॅमच उघडेना, आणि वरच्या मजल्यावरून फोनवर फोन यायला लागले. एक बाळंतीण होती. रक्त थांबत नव्हतं, आणि तिचा गट असा, की हजारांत एखाद्याचा.

तळघरात संगणकापाशी बसणारी ताई ते फोन घेत होती. प्रोग्रॅम बंद पडला तरी त्यामागची लायब्ररी, म्हणजे यादीतून दाते शोधणाऱ्या सूचनांचा संच, शाबूत होती. ती आजोबांनी लिहिलेली. आजोबा म्हणजे तिचे सख्खे आजोबा नव्हेत. दोनदा निवृत्त होऊनही कामावर येणारे म्हातारे प्रोग्रॅमर. गेल्या वर्षी याच खोलीत खोकता खोकता गेले. त्यांच्या माघारी त्या लायब्ररीत हात घालायची कुणाची छाती नव्हती.

ताईने कमांडची काळी खिडकी उघडली. लायब्ररीत ‘शोध’ नावाची मेथड होती, यंत्राला द्यायचा एक तयार हुकूम. नाव एकच, रूपं तीन. नुसता आकडा दिला तर त्या क्रमांकाच्या गटाचे दाते, अक्षरं दिली तर त्या नावाचा दाता, आकडा आणि तारीख दिली तर त्या दिवसानंतर येऊन गेलेले. कुठलं रूप चालवायचं ते यंत्रच ठरवतं, तुम्ही त्याच्या हातात काय ठेवता ते बघून. ताईला ही तिन्ही रूपं तोंडपाठ होती.

तिने गटाचा क्रमांक दिला. उत्तर कोरं. पुन्हा दिला. कोरंच.

“ताई, मिळालं का कुणी?” फोनवर डॉक्टरीणबाई होत्या.

“बघते... दोन मिनिटं द्या.”

“फार वेळ नाहीये हो तिच्याकडे.”

मग तिने मेथडचं नुसतं नाव टाकलं, कंस न लावता. असं केलं की यंत्र सगळ्या रूपांची यादी दाखवतं. यादी बघून तिने जीभ चावली. घाईत तिने आकडा अवतरणचिन्हांत घातला होता, म्हणून यंत्राने त्याची अक्षरं केली आणि बिचारं मघापासून ‘सत्तावीस’ नावाचा माणूस शोधत बसलं होतं! तिने चिन्हं काढली, पुन्हा विचारलं.

तरीही कोरं. म्हणजे खरोखरच कुणी नव्हतं.

ती वर ‘नाही’ म्हणून कळवणार होती. तेवढ्यात नजर पुन्हा यादीवर गेली. ओळी चार होत्या.

चौथ्या रूपाला आकडा हवा होता आणि अक्षरं. अक्षरांच्या जागेला नाव दिलेलं होतं, ‘कशासाठी’.

खोलीत खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास आला. आजोबा कुणालाच यादी सहजासहजी देत नसत. “कशासाठी पाहिजे ते आधी सांग, पोरी,” असं म्हणत. ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण वर ती बाई होती. तिने लिहिलं, “बाळंतीण आहे. बाळाला अजून तिने पाहिलेलंही नाही.”

यंत्राचा पंखा थांबला. सगळं इतकं शांत झालं, की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला... मग उत्तर आलं. वरच्याच ओळीत एक नाव आणि फोन नंबर. तिने लगेच फिरवला.

“हो हो, निघालोय मी, पोचतोच,” पलीकडचा माणूस म्हणाला. “मघाशी तुमच्याकडच्या गृहस्थांचा फोन आला होता ना.”

“कोण... गृहस्थ?”

“म्हातारे होते. खोकत होते बिचारे. पण होकार घेतल्याशिवाय ठेवला नाही त्यांनी फोन.”

बाळंतीण वाचली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या आणि ताईचा हात धरून म्हणाल्या, “तुमच्यामुळे हो!” त्या गेल्यावर ताई आजोबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मनसोक्त रडली. म्हातारा मेल्यावरही कामाला आला होता.

डोळे पुसून ती संगणकावरची काळी खिडकी बंद करायला वळली. उत्तरात पहिल्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. दुसरा दाता, दुसराच गट. हा गट तिने विचारलाच नव्हता. हा तिचा स्वतःचा गट होता. पुढे तारीख होती, येत्या परवाची.

तिने पुन्हा फोन उचलला. मग तो नंबर फिरवला.

“हो, कळलंय मला,” एक बाई हळू आवाजात म्हणाली. “परवा ना? मी सकाळपासूनच येऊन बसते. तुम्ही नका घाबरू...”