मेहुण्याचं कुलूप

काम तसं किरकोळ होतं. वीज कंपनीच्या मुख्यालयात, तळघरातल्या पॅनेलमधला एक जोड सारखा तापायचा, तो उघडून घट्ट करायचा. सुट्टी असल्यामुळे भरदुपारी अख्ख्या इमारतीची वीज बंद ठेवायची परवानगी मिळाली. मी तिथला इलेक्ट्रिशियन, मदतीला माझा मेहुणा. बायकोनं मागे लागून त्याला माझ्या हाताखाली लावून घेतलं होतं. रोज डबा हातात देताना म्हणायची, "एकुलता एक भाऊ आहे माझा, लक्ष असू द्या."

अशा इमारती तुम्ही पाहिल्या असतील. नुसतं काँक्रीट आणि काच, उघडणारी खिडकी एकही नाही. वीज गेली की आतली हवासुद्धा जागच्या जागी थांबते. जिना उतरताना मेहुणा म्हणाला, "सगळ्यांना उजेड देणार आपण, आणि स्वतःच्या घरात बॅटरी मारत चाललोय." मी हसलो. बाहेर लख्ख ऊन होतं, पण तळघरात ऊन पोचत नाही.

आमच्यात नियम साधा. जो आत हात घालणार, तो मुख्य स्विचच्या दांड्याला आपलं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. त्याचं कुलूप निघेपर्यंत वीज सोडायची नाही. मेहुण्यानं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पॅनेलच्या कपाटांच्या रांगेमागे, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. मी स्विचपाशी थांबलो.

बराच वेळ त्याच्या पान्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. पंखे, पंप, लिफ्ट, कशाचीच घरघर नाही. तापून निवलेल्या रबराचा वास होता आणि त्यात हळूहळू दुसरा एक मिसळला, जळक्या केसांचा. जोडावरचं काहीतरी करपलं असेल, असं मी धरून चाललो.

"दाजी, झालं."

मेहुण्याचा आवाज अगदी पाठीशी आला. पावलं ऐकू आली नव्हती. पायात रबरी बूट, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

"काढ मग कुलूप."

"हात ग्रीसनं माखलेत... तुम्हीच काढा."

मी न वळताच हात मागे केला. तळव्यावर किल्ली पडली, थंडगार. कुलूप बिनबोभाट उघडलं. बॅटरी दातांत धरून मी दोन्ही हातांनी दांडा पकडला.

तेवढ्यात खोलीच्या पार त्या टोकाकडून हाक आली. "दाजी, जरा इकडे उजेड मारता का? नट खाली पडलाय."

माझे हात दांड्यावरच राहिले. मागे कोणीतरी श्वास घेत होतं. मग कानाशी, त्याच आवाजात, लहान मुलाची समजूत घालावी तसं...

"द्या ना लाइन..."

मी वळून पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलं होतं असंही नाही, मान वळतच नव्हती. कुलूप परत अडकवून दाबलं आणि मुठीत धरून उभा राहिलो. मेहुण्यानं आणखी दोनदा हाक मारली, मग कुरकुरत स्वतःच नट शोधला. शेवटी त्याचे बूट करकर करत आले. ते मात्र चांगले लांबून ऐकू आले.

"ओ तरी द्यायची," म्हणत त्यानं खिशातली किल्ली काढून कुलूप उघडलं. मी वीज सोडली. वर पंखे सुरू झाले.

बायकोला मी हे सांगितलं नाही. मेहुण्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "मला दुसरीकडे लावा, दाजी." आता तो एका छापखान्यात असतो. बरं चाललंय त्याचं, दोन मुली आहेत.

मला मिळालेली किल्ली माझ्याकडेच राहिली होती. ती मी स्टोअरकीपरला दाखवली.

"या कुलपांना एकच किल्ली येते," तो म्हणाला. "दुसरी असेल तर मग कुलूप लावायचं कशाला?"

मेहुण्यानं जमा केलेली किल्ली त्यानं शेजारी ठेवली. दोन्हींवर नंबर एकच. कुलूप त्याच आठवड्यात खोक्यातून काढलेलं, त्यामुळे मेहुण्याची किल्ली पिवळीधमक होती. दुसरी काळी पडली होती, आणि धरायच्या जागी अंगठ्याच्या आकारात झिजून खोलगट झाली होती, कोणीतरी ती वर्षानुवर्षं फिरवत आल्यासारखी.