दोन चौकटींमधली जागा

आमच्या चित्रकथेत घरं, विजेच्या तारा, जिने, दारं मी काढायचो. माणसं फक्त माझे गुरू, कुझुहारा सेन्सेई, काढायचे. नाकानो भागातल्या आमच्या दोन खोल्यांत सुझु नावाची आठ वर्षांची नायिका आम्ही दर आठवड्याला पानावर उतरवायचो. सेन्सेई तिच्याबद्दल पोटच्या पोरीसारखं बोलत. तिला सर्दी होऊ द्यायची की नाही, या वादात आमचा भात निवून जायचा.

एका सकाळी आमच्या साप्ताहिकाचे संपादक तोबिता धापा टाकत जिना चढून आले. वाचक घटतच चालले होते, मला वाटलं, गुंडाळली मालिका. पण गडी आनंदाने लालबुंद झालेला. म्हणाले, तो लंगडा माणूस कमाल आहे, जो तो त्याचंच बोलतोय.

"कोण लंगडा?" मी विचारलं.

त्यांनी ताज्या अंकातलं पान उघडलं. एका चौकटीत सुझु दार उघडते. पुढच्या चौकटीत दार बंद, ती जिन्यावर. मध्ये पांढरा कागद, दुसरं काय असणार? मी समजावलं, उगारलेली काठी दाखवा, मग फुटलेली बरणी दाखवा, मधला फटका वाचकच मारतो. आमचं पोट त्यावरच चालतं. पण त्या कोऱ्या जागेत राखाडी कोट, ओले बूट घातलेला तोच लंगडा सगळ्या वाचकांनी कसा भरला? तोबितांनाही तो दिसत होता. सेन्सेईंनी पान हातात घेतलं आणि तेही हसले, "अरेच्चा, आहे की!" मलाच मेला दिसेना. चष्मा पुसला, पान उलटं धरलं. जाम मजा वाटत होती, आणि चीडही येत होती.

अंक हातोहात खपू लागले. आम्ही तिघं नुसते हवेत. दर आठवड्याला मी दार काढायचो, आणि लोक सांगायचे, तो आणखी आत आलाय.

मग तोबिता म्हणाले, आता त्याचा हात सुझुच्या खांद्यावर आहे. पुढच्या अंकात त्याला नेऊ द्या तिला, अंक पुरायचे नाहीत.

सेन्सेईंचं हसू मावळलं.

"माझ्या पोरीला नाही," ते म्हणाले.

त्यांनी सुझुला शाळेत पाठवलं आणि उघड्या दारात स्वतःलाच काढलं, टकलासकट. आमच्यात चित्रकार गमतीने स्वतःला असा कुठेतरी घुसवतोच. पुढच्या चौकटीत मी दार बंद केलं.

"आता या म्हाताऱ्याला ने म्हणावं," ते म्हणाले. मी पोट धरून हसलो.

अंक निघाला त्या दुपारी पुस्तकांच्या दुकानात त्यांच्या सहीसाठी ही भली मोठी रांग लागली. सेन्सेई भलतेच खुशीत होते. पेन संपलं म्हणून त्यांनी दुसरं मागितलं. मी पिशवीत वाकलो.

वर पाहिलं तर खुर्ची रिकामी.

"सेन्सेई कुठे गेले?"

एका बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले.

रांग दारापर्यंत मधोमध दुभंगली होती. माना लववून उभ्या माणसांनी दोघं शेजारी शेजारी जातील एवढी वाट सोडली होती.

काचेचं दार आपोआप उघडलं. एका माणसाला बाहेर पडायला लागतो त्याहून जास्त वेळ ते उघडं राहिलं.