देवमाणसाची साक्ष

"तुळशीराम काका खोटं बोलले, असं म्हणायला गावात एकही माणूस तयार नाही," धम्मदिना म्हणाली. "देवमाणूस म्हणतात त्यांना. आणि त्यांच्याच साक्षीवर माझा भाऊ जन्मठेपेवर जाणार."

टेमघरच्या आपल्या छोट्या ऑफिसात खासगी डिटेक्टिव्ह उन्नती केणे जबाबाची प्रत वाचत होती. तिचा सहायक सार्थक सर्वांसाठी चहा ओतत होता आणि अर्धा बशीत सांडत होता. धम्मदिनाबरोबर तिची वकील मेघाली आली होती.

वळ गावातल्या एका गोदामाचा मुकादम सावळाराम भरदुपारी डोक्यात पहार बसून मेला. त्याला उचलायला धावलेला हमाल धम्मपाल, म्हणजे धम्मदिनाचा भाऊ, रक्ताने माखलेल्या हातांनी सापडला. त्याच्या थोडंच आधी गोदामाच्या फाटकाशी हे दोघे आणि जागामालकाचा पुतण्या प्रितेश बोलत उभे होते. जागामालक तुळशीराम रस्त्यापलीकडे आपल्या ओट्यावर बसले होते. त्यांचा जबाब असा: 'सावळाराम आणि धम्मपाल माझ्याकडे पाठ करून होते. प्रितेश समोर होता. धम्मपाल सावळारामला म्हणाला, आज तुला जिता सोडत न्हाय. ते मी आयकलं.'

"तुझा भाऊ काय म्हणतो?"

"सावळाराम काका मालाच्या चोरीची तक्रार द्यायला निघाले होते. दादा त्यांच्यासोबत जाणार होता. धमकी प्रितेशने दिली, म्हणतो. पण आरोपीचं कोण ऐकतं?"

मेघाली पुढे सरकली. "जमिनीच्या एका व्यवहारात तुळशीरामने खोटी सही केली होती, अशी कुजबुज आहे. बाहेरगावची दोन माणसं सांगायला तयार आहेत."

"कोर्ट त्यांना उभं राहू देईल?"

"नाही," मेघालीने कबूल केलं. "त्याची पत कमी करणारा प्रश्न मी विचारू शकते. तो नाही म्हणाला की विषय संपला. ते खोडायला पुरावा आणता येत नाही. त्याला पूर्वी शिक्षा झालेली असेल किंवा तो कुणाची बाजू घेत असेल, तरच."

"मग माणूस कसा आहे ते राहू दे. त्याने सांगितलं ते कसं आहे, तेवढं बघू."

"बघा. पण त्याला काही शिकवू नका," मेघालीने बजावलं.

वळ गावात तुळशीरामांच्या ओट्यावर टीव्ही चालू होता, आवाज बंद. तुळशीराम विनोदी मालिका बघून खदखदून हसत होते.

"वीज वाचवतात," सार्थक कुजबुजला. त्याचं विजेचं ज्ञान हे असं होतं.

"उमर गेली लूमवर," तुळशीराम म्हणाले. "मग जमिनीवर गोदामं आली. पण मी शब्दाचा पक्का हाय."

रस्त्यावरून कंटेनर हॉर्न मारत जात होते. आतून गोदूबाई आल्या. नवऱ्याच्या पाठीमागूनच चहाचं विचारता आलं असतं, पण त्या वळसा घालून त्यांच्या समोर उभ्या राहिल्या. "चाय ठेवू?"

उन्नती उठून भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहू लागली. "हे तुमचे वडील का?"

उत्तर आलं नाही. तिने वळून पुन्हा विचारलं.

"हा, बाबा माझे."

प्रितेश फाटकाशीच भेटला, मोबाइलमध्ये बघत. "मी सोडवायला गेलेलो. तोंडातून शब्द काढला न्हाय मी. कोर्टातपन तेच सांगितलंय."

"धम्मपाल काय म्हणाला?"

"काकांनी सांगितलंय ना!"

परतताना सार्थक म्हणाला, "म्हातारा प्रश्न टाळतो. काहीतरी लपवतोय."

"लपवतोय खरं. पण तुला वाटतंय ते नाही."

तिने त्याला वाटेतल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात नेलं. खडखडाटात सार्थकला शेजारी उभ्या असलेल्या उन्नतीचा शब्द कळेना. दोन कारागीर मात्र लूमच्या दोन टोकांना उभे राहून मजेत गप्पा मारत होते. कुणीच ओरडत नव्हतं. सार्थकला त्यात विशेष काही वाटलं नाही.

तुळशीरामांच्या साक्षीच्या दिवशी सकाळी मेघालीच्या टेबलाभोवती सगळे जमले.

"तुळशीरामना ऐकू येत नाही," उन्नती म्हणाली. "लूमने कान नेले. ते ओठ वाचतात. तिथे सगळेच शिकतात ते. म्हणून टीव्ही मुका, म्हणून बायको समोर येऊन बोलते. मी पाठ केली तेव्हा त्यांना माझा प्रश्नच पोचला नाही."

"म्हणजे धमकी मनाने रचली?" सार्थकने विचारलं.

"नाही. धमकी खरी आहे, त्यांनी ती पाहिली. पण धम्मपाल पाठमोरा होता, सावळारामही. त्यांना एकच तोंड दिसत होतं."

सार्थकने चहाचा कप खाली ठेवला. "प्रितेशचं! आणि तो तर म्हणतो, मी बोललोच नाही."

"चोरी उघडी पडणार होती ती त्याचीच. काकांनी पुतण्याचे शब्द उचलून धम्मपालच्या तोंडी घातले."

"हे मला विचारता येईल," मेघाली म्हणाली. "कान, डोळे आणि पुतण्यावरची माया, तिन्ही."

कोर्टात तुळशीराम ताठ उभे राहिले. "माझ्या कानांनी आयकलं."

मेघालीने फाइल तोंडापुढे धरली. "प्रितेश तुमचा पुतण्या ना?" तुळशीराम नुसते बघत राहिले. मग फाइल खाली करून, जराही आवाज न काढता, तिने फक्त ओठ हलवले.

"नको बाय," तुळशीराम म्हणाले. "पानी नको मना."

न्यायाधीशांनी मान वर केली. मेघाली म्हणाली, "मी पाणी हवं का विचारलं, आवाज न काढता. कृपया नोंद व्हावी."

न्यायाधीश तुळशीरामांकडे तोंड करून सावकाश बोलले. "तुम्हाला ऐकू येत नसेल, तर ती धमकी कुणाच्या तोंडून कळली?"

तुळशीरामांनी पुढच्या बाकावर बसलेल्या धम्मदिनाकडे पाहिलं. मग नजर मागे गेली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या प्रितेशचे ओठ हलत होते. तो काय म्हणतोय ते त्या दालनात फक्त एकाच माणसाला कळत होतं.

"नको सांगू म्हनतोस?" तुळशीराम मोठ्याने म्हणाले. "तवापन तुजंच तोंड बघत होतो रं मी."

धम्मदिना तोंडावर ओढणी धरून रडू लागली. दारातला पोलीस प्रितेशच्या शेजारी येऊन उभा राहिला.