जुईलीच्या कुकीज कुठे गेल्या?

"साखर नाही, गूळ! गौरांग, हात बाजूला!"

जुईली अशी काही कडाडली, की गौरांगच्या हातातली साखरेची बरणी पडता पडता वाचली.

"कुकीत गूळ? आपण कुकी करतोय की पुरणपोळी?"

"गूळ ओल धरून ठेवतो, हुशार माणसा! नुसती साखर घातली की कुकी कडक होते. मला ती कडेला कुरकुरीत आणि मधे मऊ हवीय. चावताना दाताला जराशी ओढ लागली पाहिजे. कळलं?"

गौरांगला काही कळलं नव्हतं, पण त्याने जोरजोरात मान हलवली. चॉकलेट चिप्सचं पाकीट जुईलीच्या हातात होतं ना!

निधी मात्र मामेबहिणीकडे बघतच राहिली होती. निधी बारा वर्षांची, तिचा भाऊ गौरांग दहाचा. दोघं सुट्टीला अमरावतीहून अकोल्याला मामाकडे आली होती. जुईली निधीपेक्षा फक्त एका वर्षाने मोठी, पण काय तिचा हात! लोणी आणि गूळ फेटून फेटून तिने मलईसारखं हलकं केलं, त्यात दूध आणि व्हॅनिला घातलं. मग कणीक, खायचा सोडा, चिमूटभर दालचिनी. शेवटी मंद आचेवर भाजलेले ओट्स आणि चिप्स. ही कुकी तिला पहिल्या फटक्यात जमली नव्हती बरं का! सात वेळा फसली होती. एकदा कोळसा झाला, एकदा पापडीसारखी पसरली, एकदा तर तिला मुंग्याही लागल्या नाहीत. तरी बाईसाहेब आठव्यांदा उभ्याच!

आज तर जमायलाच हवं होतं. वाचनालयाच्या उन्हाळी शिबिराचा आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाच वाजता समारंभ, आणि चाळीस मुलांचा खाऊ जुईली करणार होती! वाचनालयाच्या सरोजिनीबाईंनी तसं ठरवलं, तेव्हा अध्यक्ष केवढे चिडले होते! आणि अध्यक्ष कोण? जुईलीचे आणि निधीचे आजोबा, उत्तमराव वकील!

"मऊ बिस्कीट म्हणजे सादळलेलं बिस्कीट!" आजोबा म्हणाले होते. "सरळ पुडे आणा. पोरांच्या हाती असली कामं देतात का?"

"मी शब्द देते जुईलीसाठी," सरोजिनीबाई शांतपणे म्हणाल्या होत्या.

"ठीक आहे. पण फसलं, तर यापुढे शिबिरातलं एकही काम मुलांकडे द्यायचं नाही. बोला, कबूल?"

बाईंनी कबूल केलं होतं. त्यामुळे काल रात्री जुईलीला धड झोपही लागली नव्हती.

साडेअकराला अठ्ठेचाळीस गोळे तयार झाले. जुईलीने ते चार ताटांत ओळीने मांडले आणि ताटं फ्रिजमध्ये ठेवली.

"आता दोन तास हात लावायचा नाही. या उन्हात लोण्याचं पाणी झालंय. गार न करता भाजले, तर सगळ्यांची मिळून एकच कुकी होईल!"

"ती मी खाईन!" गौरांग ओरडला.

मामा-मामी एका लग्नाला बाळापूरला गेले होते. आजोबा बैठकीत पेपरात डोकं खुपसून बसले होते. त्यांना सांगून तिघं पताका लावायला वाचनालयात पळाली.

दीड वाजता घामाघूम होऊन परतली. जुईलीने फ्रिज उघडला, आणि ती एकदम पांढरीफटक पडली.

"निधी... ताटं कुठायत?"

फ्रिजमध्ये दूध होतं, कोथिंबीर होती, अर्धं टरबूज होतं. एकही ताट नव्हतं!

"मांजर!" गौरांग म्हणाला.

"मांजर फ्रिज उघडतं का रे? आणि परत दार लावून घेतं?"

निधीचं डोकं चालू लागलं. तिने मोरीत डोकावून पाहिलं. चारही ताटं घासून पालथी घातलेली! दाराजवळ फरशीवर काळा डाग दिसला. तिने बोट लावून चाटलं. चॉकलेट!

"चोर घरातलाच आहे," ती कुजबुजली.

घरात होते कोण? बैठकीत कूलरसमोर आजोबा घोरत होते. गौरांग चवड्यांवर चालत गेला, त्यांच्या लोंबत्या हाताजवळ नाक नेलं आणि डोळे विस्फारून धावत परत आला.

"व्हॅनिला! आजोबांच्या हाताला व्हॅनिलाचा वास येतोय!"

जुईलीचा चेहरा तांबडालाल झाला.

"मुद्दाम केलंय त्यांनी! त्यांना पुडेच आणायचे होते. सरोजिनीबाईंना खोटं पाडायचं होतं! मी आता त्यांना उठवते आणि..."

"थांब गं!" निधीने तिचा दंड धरला. "फेकूनच द्यायचं असतं, तर ताटं घासत बसले असते का ते? उगाच आळ घेतलास आणि खोटा निघाला तर?"

"मग काय केलं त्यांनी? खाल्ले अठ्ठेचाळीस गोळे?"

दोन वाजत आले होते, आणि घरात चॉकलेटची एक चिपसुद्धा उरली नव्हती. जुईली खाली बसली आणि तिने गुडघ्यांत डोकं घातलं. निधी तिच्याशेजारी जाऊन बसली.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. पदराने वारा घेत मैनाबाई आत आल्या. दर उन्हाळ्यात घरचे पापड, कुरड्या, वड्या त्याच करून देत.

"काय वं पोरींनो, तोंडं पाडून काहून बसल्या? मी वड्या उलटवाले आली. आन् तुमच्या आजोबाले काय झालं वं? मले फोन करून म्हनते, मैनाबाई, यंदा वड्या गोड काहून केल्या? आता कोहळ्याची वडी गोड कशी होईन? म्या चांगली हिरवी मिरची वाटून घातली. म्हनलं, वकीलसायेब, तुमच्या जिभेले ऊन लागलं!"

गोड वड्या! निधी ताडकन उभी राहिली.

"मैनामावशी, वड्या कुठे ठेवल्या होत्या तुम्ही?"

"काल अर्ध्या वाळल्या, म्हनून ताटात काढून फ्रिजवर ठेवल्या. सकाळी सांगून गेली ना मी सायेबाले, फ्रिजवरल्या वड्या बाराले उन्हात टाकजा. पेपर वाचता वाचता हो हो म्हनले."

तिघांनी एकदम वर पाहिलं. फ्रिजच्या डोक्यावर जुन्या वर्तमानपत्राखाली दोन ताटं होती. गौरांगने स्टुलावर चढून कागद उचलला. कोहळ्याच्या वड्या तिथेच सुखाने बसल्या होत्या!

"फ्रिजवरल्या!" निधी ओरडली. "आणि आजोबांनी ऐकलं, फ्रिजमधल्या!"

"म्हणजे माझ्या कुकीज..." जुईलीने वाक्य पुरं केलंच नाही. ती जिन्याकडे धावत सुटली होती.

"चपला घाला!" निधी मागून ओरडली, पण कोण ऐकतंय! अकोल्यातली मे महिन्यातली गच्ची ती! "आई गं, उई गं" करत, नाचत नाचत तिघं पाण्याच्या टाकीपलीकडे पोचली.

तिथे आजोबांचं स्वच्छ धुतलेलं धोतर अंथरलं होतं. त्यावर गोळ्यांच्या ओळी, अगदी सरळ, पट्टी लावून आखल्यासारख्या. प्रत्येक गोळा अंगठ्याने नीट दाबलेला. वरून मच्छरदाणीचं कापड आणि चार कोपऱ्यांना चार विटा. एक गोळा अर्धा खाल्लेला होता.

"ओट्स म्हणजे त्यांना कोहळ्याचा कीस वाटला," निधी म्हणाली.

"आणि चिप्स म्हणजे मिरे!" गौरांग खो-खो हसायला लागला.

जुईली हसली नाही. चिप्स वितळल्या होत्या, लोणी धोतरात उतरलं होतं. तिने एक गोळा उचलला, मोडला, आतून चिमटीत दाबून पाहिला, हुंगला, जिभेवर ठेवला.

"वरून सुकलंय, पण आत ठीक आहे," जुईली हळूहळू म्हणाली. "उलट ओट्स छान मुरलेत! थोडं लोणी गेलं, ते परत घालता येईल. दोन चमचे दूध. चिमूटभर सोडा. निधी, हे वाचेल गं!"

"आणि चिप्स?"

"त्या आता परत यायच्या नाहीत. त्यांचे पट्टे पडतील."

"मेळघाटचे वाघ!" गौरांग ओरडला. "पट्टेवाल्या वाघ-कुकीज!"

काय मुलगी होती ती! निधीच्या जागी दुसरी कोणी असती, तरी तिने हेच म्हटलं असतं. मघाशी गुडघ्यांत डोकं घालून बसलेली जुईली पाच मिनिटांत सेनापती झाली. मैनाबाईंनी धोतराचे कोपरे उचलून सगळं पीठ खाली आणलं. धोतराला घट्ट चिकटलेलं तेवढं जुईलीने बाजूला टाकलं. बाकीचं परातीत घेऊन तिने लोणी-दूध घालून हलक्या हाताने एक केलं.

"जास्त मळलं तर कुकी रबर होते," ती म्हणाली.

गोळे भरले बेचाळीस. अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवले, आणि तीन वाजता पहिले बारा मामीच्या छोट्या ओव्हनमध्ये गेले.

आवाजाने आजोबा उठून आले. मैनाबाईंनी त्यांना सगळं ऐकवलं, काहीही हातचं न राखता! आजोबांचा चेहरा एवढासा झाला. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस, एका शब्दात केस हरला होता. मग मदत करायची म्हणून ते ओव्हनसमोर ठाण मांडून बसले, आणि तिथेच पुढचं संकट सुरू झालं.

"जुईली, बिस्किटं मधे कच्ची दिसतात गं. अजून पाच मिनिटं ठेव."

"नाही आजोबा! मधे मऊ असतानाच बाहेर काढायची. बाहेर ताटलीच्या उष्णतेने ती आपोआप पुरी होतात."

"छे! कच्चं पीठ खाऊन पोरांची पोटं दुखतील!" आणि आजोबांनी हळूच ओव्हनच्या घड्याळाची खुंटी पाच मिनिटं पुढे फिरवली!

निधीच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिने खुंटी मागे फिरवली. आजोबांनी परत पुढे. आता मोठ्या माणसाला "उठा इथून" कसं म्हणायचं? निधीने क्षणभर विचार केला आणि मग अगदी साळसूद चेहरा केला.

"आजोबा, खऱ्या वड्या उन्हात टाकायच्या राहिल्यात. आणि गच्चीवर कावळे काय माजलेत! तुमच्यासारखं जबाबदार माणूस राखणीला बसलं नाही, तर मैनामावशींची दोन दिवसांची मेहनत वाया जायची."

"वाया कशी जाईल? मी आहे ना!" आजोबा तरातरा उठले. जिन्याच्या सावलीत खुर्ची, हातात काठी, शेजारी पाण्याचा तांब्या! मग गच्चीवरून नुसतं "हाड्! हाड्!" ऐकू येत राहिलं, आणि खाली बारा बारा मिनिटांनी कुकीजची एकेक खेप बाहेर पडत गेली.

कडा सोनेरी, मधे मऊ, अंगभर चॉकलेटचे पट्टे! गूळ, लोणी आणि दालचिनीचा असा वास सुटला, की शेजारच्या खिडकीतून दोघांनी डोकावून विचारलं, "काय चाललंय हो?" तिसऱ्या खेपेला जुईलीचं बोट पोळलं. तिने ते तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने ताटली ओढली. आज निधीने ठरवून टाकलं, मोठं होऊन काय व्हायचं ते नंतर बघू, आधी जुईलीसारखं व्हायचं.

पाच वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये चाळीस मुलं रांगेत बसली. कुकीज वाटल्या गेल्या. एरवी ज्या हॉलमध्ये कानठळ्या बसायच्या, तिथे एकदम चिडीचूप! सगळी तोंडं चावण्यात गुंतलेली. मग मागून एक आवाज आला, "अजून आहे का वं ताई?" आणि सगळा हॉल हसला.

दोनच कुकीज उरल्या होत्या. एक सरोजिनीबाईंनी घेतली. एक अध्यक्षांपुढे आली. आजोबांनी ती हातात धरून वाकवली. ती मोडली नाही, हळूच फाकली. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिले. जुईलीने निधीचा हात इतका घट्ट धरला, की नखं रुतली.

आजोबा भाषणाला उठले.

"मुलांनो, मी म्हणालो होतो की पोरांच्या हाती काम देऊ नका. आज काम बिघडलं, हे खरं. पण कोणी बिघडवलं? पोरांनी नाही. मी! माणसाचं बोलणं नीट न ऐकता मी या कुकीज वड्या समजून गच्चीवर वाळत घातल्या. माझ्या नातींनी आणि नातवाने त्या शोधल्या. जुईलीने त्या वाचवल्या. माझ्यावर ओरडायचा तिला पूर्ण हक्क होता, पण त्यात तिने एक मिनिट घालवलं नाही. असली चव मी आयुष्यात चाखली नव्हती. सरोजिनीबाई, तुमचा शब्द खरा झाला. माझा मी मागे घेतो."

सरोजिनीबाईंनी उठून जुईलीला जवळ घेतलं. दिवसभर कसंबसं आवरून धरलेलं रडू जुईलीला तिथे आवरलं नाही.

"अहो, रडवता काय तिला!" आजोबांनी घसा खाकरला आणि टेबलावर बोटं वाजवली. "अध्यक्ष या नात्याने मी ठराव मांडतो. यापुढे शिबिराचा खाऊ, पताका, खेळ, सगळं मुलंच ठरवतील आणि मुलंच करतील. ज्यांना मान्य असेल, त्यांनी हात वर करा!"

चाळीसच्या चाळीस हात वर गेले, चॉकलेटने बरबटलेले. गौरांगने दोन्ही हात वर केले. दारात उभ्या असलेल्या मैनाबाईंनी केला, सरोजिनीबाईंनी केला. आणि आजोबांनी सर्वांत शेवटी, पण सर्वांत उंच, आपला हात वर केला.