'एल्स'मधले पाहुणे

बारामतीत भिगवण रस्त्याला खताच्या दुकानावर एक कॉम्प्युटर क्लास होता. खाली युरियाचा वास, वर मोडेमची किंकाळी. एकोणीसशे नव्याण्णव सालचं इंटरनेट ते हेच. तिथं शिकवणारा बुद्धभूषण धाकट्या बहिणीच्या, रश्मीच्या लग्नाचं वेबपेज करत होता. नवरामुलगा पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीतला. त्याचे मित्र पान बघणार, तेव्हा बहिणीला कुणी हसू नये आणि लग्न बिनबोभाट पार पडावं, एवढीच भूषणला काळजी.

पान उघडलं की पाहुण्यानं आपला पक्ष निवडायचा. अट सरळ होती. इफ वरपक्ष, तर निळं पान आणि कूलरजवळच्या खुर्च्या. एल्स, म्हणजे नाहीतर, पांढरं पान आणि 'वाढायला लवकर या'.

त्याच्या चुलत्यांना, ज्ञानूतात्यांना, हे लगेच पटलं. "लग्नात असंच अस्तंय," ते म्हणाले. "आपला न्हाय तो त्यांचा. कोण इचारत बसतंय?"

रश्मी पान बघायला आली आणि माउस धरून अडून बसली.

"दादा, नवरी कुठल्या पक्षात धरलीस? हितनं निघाले, तितं पोचले न्हाय."

"मग काहीच निवडू नको. सरळ पुढं जा."

तिनं तसं केलं. एल्सप्रमाणे पांढरं पान यायला हवं होतं. आलं ते मातकट, ओल्या बांधासारखं. पानाचे रंग ठरवणाऱ्या स्टाइलशीटमध्ये रंग दोनच होते. मधोमध एक ओळ होती: 'तुम्ही आमच्याकडच्या.'

"बरं झालं," रश्मी हसली, "कुणीतरी धरलं."

भूषणला वाटलं, अट संपवणारा एन्ड इफ लिहायचा राहिला असेल. तो जागेवर होता. अवतरणचिन्हं बघितली, अर्धविराम बघितले, स्टाइलशीटचे कंस बोट ठेवून जुळवले. एल्स काढून दोन स्वतंत्र इफ लिहिले. मातकटच. शेवटी वैतागून दोन्ही अटी खोडल्या.

निळं गेलं. पांढरं गेलं. मातकट तेवढं राहिलं.

पानाला ताप आलाय असं त्यानं नवऱ्यामुलाला फोनवर सांगितलं, कॉम्प्युटरची वायर उपसली आणि खिशात घातली. असला उपाय त्यानं विद्यार्थ्यांना कधी करू दिला नसता.

लग्न शेळगावच्या विहाराच्या अंगणात लागलं. वंदना झाली, हार पडले, भर दुपारी पंगती बसल्या. वाढणाऱ्या प्रयागबाई हातात मिठाची वाटी घेऊन त्याच्याकडे आल्या.

"भूषण, ती भिंतीकडची पंगत कुणाकडची रं? तोंडातनं शब्द काढत न्हाईत. मीठ बी शिवंनात."

त्यानं बघितलं. माना खाली घालून माणसं जेवत होती. बायका जास्त. कपडे सगळ्यांचे मातकट.

त्यानं नवऱ्याच्या मामांना विचारलं. "तुमच्याकडचीच की," ते म्हणाले.

त्यानं तात्यांना विचारलं. "त्यांच्याकडची हायत," तात्या म्हणाले. "आपण कशाला इचारायचं? बरं दिसत न्हाय."

भूषण भिंतीकडे निघाला, पण मधे उठलेल्या पंगतीची गर्दी होती. पोचला तेव्हा तिथं कुणी नव्हतं, पत्रावळी पुसल्यासारख्या स्वच्छ होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात मीठ तसंच.

फाटकात जीपचा हॉर्न वाजला.

"मुलीला आणा आता," मामा म्हणाले. "उशीर होतोय."

"कवाच पाठवली की," तात्या म्हणाले. "तुमच्याच बायका घिऊन गेल्या."

मामांनी जीपकडे बघितलं.

"आमच्या बायका तर ह्या बसल्यात."



विहीर बघितली, ऊस पालथा घातला, कालव्याच्या कडेनं माणसं हाका मारत गेली. शोध चालू असतानाच भूषण मोटारसायकलवरून बारामतीला आला. क्लास उघडला. खिशातली वायर काढून लावली.

पान त्यानं उघडलं नव्हतं. ते उघडलेलंच होतं, मातकट. जुन्या ओळीखाली दुसरी आली होती.

'मुलगी सुखरूप पोचली. काळजी नसावी.'